घरच्या वर्कशॉपमधला अचूक व्हाइस : काय बनवावे, काय विकत घ्यावे

मिलिंग मशीनवर टेबल आणि कटर यांच्यामध्ये व्हाइस बसतो. टेबलाची सरळता, स्पिंडलचा काटकोन, डायलवर दिसणारे मायक्रॉन हे सगळे जॉबपर्यंत पोचते ते व्हाइसमार्फत. व्हाइसने जॉब वाकडा धरला, तर मशीन तो वाकडेपणा इमानाने जॉबमध्ये उतरवते. म्हणून घरात किंवा घरालगतच्या शेडमध्ये छोटे मशीन शॉप उभे करणाऱ्यापुढे लवकरच तीन प्रश्न येतात. अचूक व्हाइस विकत घ्यावा की बनवावा? बनवायचा तर कोणत्या घाटाचा? आणि सरफेस ग्राइंडर, भट्टी, महागडी मापनसाधने हाताशी नसतील, तर तो कितपत अचूक होऊ शकतो?

या प्रश्नांवर हौशी आणि व्यावसायिक कारागीर कितीतरी दशके विचार करत आले आहेत. त्या विचाराचा हा आढावा घेताना माझे मत आधीच सांगून टाकतो. व्हाइसची अचूकता दोन गोष्टींवर ठरते : आवळताना हलणारा जॉ काय करतो, आणि त्याचे पृष्ठभाग कोणत्या क्रमाने तयार केले. या दोन्ही गोष्टी घरी सांभाळता येतात. पोलाद किती कठीण आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

घरगुती व्हाइसची गरज कुठून आली

इंग्लंडमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. घरी वाफेची छोटी इंजिने आणि हत्यारे बनवणारा मोठा वर्ग त्याभोवती जमला. यातल्या अनेकांकडे यंत्र म्हणून एकच लेथ असे. मिलिंग करायचे तर कटर लेथच्या चकमध्ये धरायचा, क्रॉस स्लाइडवर उभी स्लाइड बसवायची आणि जॉब त्या स्लाइडवरच्या तळहाताएवढ्या व्हाइसमध्ये पकडायचा. कारखान्यासाठी बनलेला व्हाइस त्या जागेत मावत नसे. अमेरिकेत डेव्हिड गिंजरी यांनी १९८० पासून भंगारातले ॲल्युमिनियम ओतून लेथ, शेपर, मिलिंग मशीन असे अख्खे वर्कशॉप घरी उभारण्याची पुस्तकमाला लिहिली. १९८२ मध्ये तिथे ‘द होम शॉप मशिनिस्ट’ हे नियतकालिक निघाले. पुढे चीनमध्ये बनलेली छोटी मिलिंग मशीन जगभर स्वस्तात मिळू लागली, आणि जुनीच अडचण नव्या रूपात उभी राहिली. सहा इंची मिलिंग व्हाइसचे वजन तीस किलोच्या पुढे जाते, आणि तो छोट्या टेबलावर चढवला की कटरखाली उंचीच उरत नाही.

आपल्याकडे चित्र थोडे वेगळे आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीत, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये लेथ टाकून जॉबवर्क करणारी छोटी शेड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. डिप्लोमा केलेल्या कित्येकांनी मशीन ड्रॉइंगच्या तासाला मशीन व्हाइसची जोडणी कागदावर काढलेली असते. बॉडी, हलणारा जॉ, स्क्रू, नट, जॉ प्लेट हे भाग त्यांना तोंडपाठ असतात. पण त्या ड्रॉइंगमधला व्हाइस आवळल्यावर नेमके काय होते, हे बहुधा टूलरूममध्ये पाऊल टाकल्यावरच कळते.

मूळ दोष : जॉ उचलला जाणे

साध्या मशीन व्हाइसमध्ये स्क्रू खाली असतो आणि जॉब वर. स्क्रू जॉला खालून पुढे ढकलतो, जॉब त्याला वरून मागे रेटतो. या दोन बलांमधल्या अंतरामुळे जॉ मागे कलंडू पाहतो. गाइडमध्ये थोडी सैलता असतेच, कारण त्याशिवाय जॉ सरकणारच नाही. त्या सैलतेइतका जॉ पुढून उचलला जातो आणि जॉबची ती बाजू पॅरललवरून, म्हणजे जॉबखाली ठेवलेल्या समांतर पट्ट्यांवरून, वर येते.

हे आकड्यांत पाहू. गाइडमध्ये सैलता ०.०२ मिमी आणि जॉची सरकत्या दिशेतली लांबी ४० मिमी असेल, तर बैठकीपासून, म्हणजे जॉ सरकतो त्या माथ्यापासून, ३० मिमी उंचीवर जॉचा माथा ०.०१५ मिमी मागे झुकतो. मशीन कितीही खरे असले तरी पंधरा मायक्रॉनची खोट तिथेच पडली. म्हणून आवळल्यावर जॉब नरम हातोड्याने खाली ठोकून बसवायची आणि खालचे पॅरलल बोटाने हलतात का ते पाहायची सवय कारागिराला लागते. सवय चांगलीच आहे, पण ठोकून बसवलेला जॉब कटरचा दाब आल्यावर पुन्हा उठू शकतो. दोष घाटात आहे, त्याचा इलाजही घाटातच शोधायला हवा.

स्थिर जॉकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. आवळल्यावर तोही थोडा मागे वाकतो. तो वेगळा बनवून दोन बोल्टांनी बसवला असेल, तर बोल्ट ताणले जातात आणि काटकोन बिघडतो. बॉडी आणि स्थिर जॉ एकाच तुकड्यातून काढणे हा यावरचा उत्तम उपाय. ते जमत नसेल, तर जॉ बॉडीतल्या खोल खाचेत बसवून मागून आधार द्यावा. सगळा भार नुसत्या बोल्टांवर सोडू नये.

तीन घाट

जॉ खाली ओढून धरण्याचे अनेक मार्ग लोकांनी शोधले. घरगुती वर्कशॉपच्या दृष्टीने त्यातले तीन महत्त्वाचे.

पहिला टूलमेकर व्हाइस. याला लांब स्क्रू नसतो. हलणाऱ्या जॉमधून एक ॲलन बोल्ट तिरका खाली जातो आणि बॉडीच्या खालच्या खाचांमध्ये बसणाऱ्या आडव्या गोल नटमध्ये शिरतो. बोल्ट आवळला की जॉ पुढेही ओढला जातो आणि खालीही. बोल्ट ४५ अंशांत असेल तर दोन्ही ओढी सारख्या, म्हणजे प्रत्येकी बोल्टच्या ताणाच्या सुमारे ७१ टक्के. घर्षणांक ०.१५ धरला, तर घर्षण वजा जाता जॉबवर ताणाच्या साठ टक्के पकड मिळते. बोल्ट ६० अंशांपर्यंत उभा झाला की तीच पकड ३७ टक्क्यांवर येते आणि जॉ नुसता खाली रुतून बसतो. आवळताना जॉ पुढे सरकतो तसा बोल्ट उभा होत जातो. त्यामुळे खाचा फार दूर ठेवू नयेत आणि बोल्टच्या डोक्याखाली गोलाकार बैठक द्यावी, म्हणजे कोन बदलला तरी बोल्ट वाकत नाही.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. नुसती तिरकी ओढ दिली म्हणून जॉ उचलला जाणार नाही, असे नाही. बोल्टची रेषा बैठकीच्या पातळीला जिथे छेदते, तिथपासून जॉच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर महत्त्वाचे. ४५ अंशांत हे अंतर जॉब पकडण्याच्या उंचीपेक्षा जास्त हवे. ते कमी पडले तर जॉ मागच्या टोकावर टेकून पुढून उठतो. जॉ २५ मिमी उंच असेल, तर हे अंतरच २५ मिमीच्या वर ठेवावे लागते, आणि जॉची एकूण लांबी त्याहून बरीच जास्त येते. जॉ छोटा आणि उंच करून जागा वाचवण्याचा मोह इथे महागात पडतो.

दुसरा घाट ओढून धरणाऱ्या मिलिंग व्हाइसचा. अमेरिकेत मिनिआपोलिसच्या कर्ट कंपनीने ‘अँगलॉक’ या नावाने तो रूढ केला. यात स्क्रू राहतो, पण नटवर एक तिरका पृष्ठभाग असतो. त्यावर अर्धगोलाची सपाट बाजू टेकते आणि गोल बाजू जॉच्या पोटातल्या वाटीत बसते. नट पुढे सरकला की अर्धगोल जॉला पुढे आणि खाली, असा दोन्हीकडे दाबतो. पुढच्या प्रत्येक पाउंडामागे अर्धा पाउंड खाली मिळतो, असे कंपनी सांगते. अर्धगोलामुळे जॉ थोडा वळून स्वतःला जुळवूनही घेतो. बेअरिंगचा मोठा छर्रा निम्मा घासून हा अर्धगोल घरीही करता येतो. अवघड आहे ती मोठी, ताठ बॉडी आणि लांब, सरळ गाइड.

तिसरा घाट दोन सुट्ट्या भागांचा. स्थिर जॉ वेगळा, हलणारा जॉ वेगळा, आणि दोन्ही थेट मशीनच्या टेबलावर टी-स्लॉटमध्ये बोल्टने पकडलेले. मधली बॉडीच नसल्यामुळे उंची वाचते आणि टेबलाएवढा लांब जॉबही धरता येतो. सपाटपणा टेबलाचाच वापरला जातो. छोट्या मिलिंग मशीनसाठी हा घाट सर्वांत कमी श्रमांत सर्वांत जास्त देतो, असे मला वाटते. जागा बदलली की स्थिर जॉ पुन्हा डायल इंडिकेटर लावून सरळ करावा लागतो, हीच त्याची उणीव. खालच्या बाजूला टी-स्लॉटमध्ये घट्ट बसणारी चावी दिली, तर तेही काम हलके होते.

कोणते लोखंड, किती कठीण

बाजारातले टूलमेकर व्हाइस कठीण केलेल्या पोलादाचे असतात. त्यांची कठीणता साधारण ५८ ते ६२ रॉकवेल सी आणि समांतरता १०० मिमीत ५ मायक्रॉन अशी कॅटलॉगमध्ये असते. ते वाचून घरी बनवणाऱ्यालाही वाटते की आपला व्हाइस पक्का कठीणच हवा. इथे थांबून विचार करायला हवा.

ओएचएनएस पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवले आणि २०० अंशांच्या आसपास टेंपर केले की ते साठच्या घरात कठीण होते. पण या प्रक्रियेत ते थोडे वाकते आणि आकारही बदलते. म्हणून दर बाजूला दोन-तीन दशांश मिलिमीटर ठेवून नंतर ग्राइंड करणे भाग पडते. ज्याच्याकडे ग्राइंडर नाही, त्याने बॉडी कठीण केली तर ती सरळ करायचे कोणतेच साधन त्याच्या हातात उरत नाही. मऊ बॉडी मात्र मिलिंगने, शेपरने, कानस-स्क्रेपरने कधीही दुरुस्त करता येते.

म्हणून मध्यम मार्ग बरा. बॉडी ओतीव बिडाची किंवा ईएन ८ पोलादाची, आणि झीज होते तिथे कठीण केलेल्या सुट्ट्या जॉ प्लेट. बीड कंपन शोषते, त्यावर स्क्रेपिंग छान होते आणि सरकताना ते पोलादासारखे अडकत नाही. आपल्याकडे या मार्गाला एक मोठा आधार आहे. औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंट आणि सरफेस ग्राइंडिंग जॉबवर्कवर करून मिळते. दोन छोट्या जॉ प्लेट कठीण करून ग्राइंड करून आणायला घरात भट्टी आणि ग्राइंडर असण्याची गरज नाही.

ब्राइट बारपासून मात्र सावध राहावे. थंड ओढलेल्या या पट्टीत ताण कोंडलेला असतो. एका बाजूचा थर काढला की पट्टी धनुष्याकार होते. एक तर ती सुमारे ६०० अंशांना ताणमुक्त करून हळूहळू थंड करून घ्यावी, नाहीतर सर्व बाजू आधी कच्च्या मापात काढून काही दिवस ठेवावी आणि मग शेवटचा हात द्यावा.

मशीनपेक्षा खरा व्हाइस

घरच्या मशीनपेक्षा अचूक व्हाइस त्याच मशीनवर बनवता येईल का? हा या विषयातला सर्वांत जुना प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोच्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत खऱ्या सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला. तीन प्लेट आलटून पालटून एकमेकींशी रंग लावून जुळवायच्या आणि उंच ठिपके स्क्रेपरने काढत जायचे. दोन प्लेट एकमेकींत बसूनही एक फुगीर आणि एक खोलगट असू शकतात, पण तिन्ही एकमेकींशी जुळल्या तर त्या सपाटच असतात. वर कोणतीही आदर्श प्लेट नसताना सपाटपणा जन्माला घालण्याची ही रीत आहे. आज छोटी ग्रॅनाइट सरफेस प्लेट परवडण्याजोगी झाल्यामुळे तीन प्लेट कराव्या लागत नाहीत. पण मोजून, उंच भाग शोधून, तेवढाच काढण्याची रीत तीच आहे.

व्हाइसच्या बाबतीत या रीतीचा क्रम असा. आधी बॉडीचा तळ ग्रॅनाइटवर प्रशियन ब्ल्यू हा रंग लावून, तपासून सपाट करायचा. मग बॉडी तळावर टेकवून बैठक तळाशी समांतर करायची. त्यानंतर दोन्ही बाजू तळाशी काटकोनात आणि परस्परांशी समांतर. शेवटी स्थिर जॉचे तोंड, तळाशी आणि बाजूंशी काटकोनात. प्रत्येक पृष्ठभाग आधीच्या पृष्ठभागावरून मोजलेला असावा. जॉचे तोंड आधी करून मग बैठक सुधारायला गेले, तर आधीचे सगळे काम पुन्हा करावे लागते.

काटकोन तपासायला महागडा मास्टर स्क्वेअर लागत नाही. आधी ठोकळ्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू समांतर आहेत याची डायलने खात्री करून घ्यायची. मग स्टँडवर खाली एक गोल टेकण आणि वर डायल लावून एका बाजूचे वाचन घ्यायचे, आणि ठोकळा फिरवून समोरच्या बाजूचे. दोन वाचनांतला फरक हा चुकीच्या दुप्पट असतो. स्टँड स्वतः काटकोनात नसला तरी फरक पडत नाही, कारण त्याची चूक दोन्ही वाचनांत सारखीच येते. असा खरा केलेला ठोकळा मग व्हाइसमध्ये हलके धरून त्याच्या माथ्यावर डायल फिरवायचा, आणि पूर्ण आवळून पुन्हा फिरवायचा. या दोन वाचनांच्या तुलनेत व्हाइसचा खरा स्वभाव दिसतो. नुसता रिकामा मोजलेला व्हाइस निम्माच मोजलेला असतो.

तापमानाचे भान इथे ठेवावेच लागते. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. १०० मिमीचा तुकडा हातात धरून किंवा ग्राइंडिंगने पाच अंश तापला, तर सहा मायक्रॉनच्या आसपास वाढतो. म्हणजे ज्या ५ मायक्रॉनसाठी आपण झगडतो, त्याहून जास्त. मोजण्याआधी जॉब ग्रॅनाइटवर ठेवून थंड होऊ देणे हे मापनाचेच काम आहे.

एक पळवाट अनेकांना सुचते : व्हाइस मशीनवर पकडून त्याच मशीनच्या कटरने जॉचे तोंड साफ करणे. त्या मशीनपुरते ते खरे ठरते, पण त्यात मशीनची चूकही उतरते. व्हाइस उचलून ग्राइंडरवर किंवा दुसऱ्या मशीनवर नेला की ती चूक उघडी पडते. नेहमीच्या मिलिंग व्हाइससाठी ही सोय म्हणून चालेल. टूलमेकर व्हाइससाठी नाही, कारण तो कुशीवर किंवा टोकावर उभा करूनही वापरता यावा, यासाठीच त्याच्या सगळ्या बाजू काटकोनात केलेल्या असतात.

चांगल्या व्हाइसचा चांगला वापर

अचूक व्हाइस वाईट वापरला तर त्यावर घेतलेली मेहनत फुकट जाते. जॉब जॉच्या मध्यावर आणि शक्य तितका खाली धरावा. एका कडेला धरला तर एका बाजूने ओढलेल्या ड्रॉवरसारखा जॉ तिरपा होतो. नाइलाज असेल तेव्हा दुसऱ्या कडेला त्याच जाडीचा तुकडा लावावा. कच्च्या ठोकळ्याच्या बाजू काटकोनात काढताना साफ बाजू स्थिर जॉला टेकवावी आणि हलणाऱ्या जॉकडे मध्यावर एक गोल सळी द्यावी. सळी एका रेषेतच दाबते, त्यामुळे ठोकळ्याची खडबडीत मागची बाजू त्याला वाकडे करू शकत नाही आणि साफ बाजू स्थिर जॉवर पूर्ण टेकते.

आवळताना लांब पाइप घालणे किंवा हँडलवर हातोडा मारणे टाळावे. जास्त जोराने पकड वाढते तशी बॉडीही वाकते आणि सैल केल्यावर जॉब उसळून वेगळे माप दाखवतो. प्रत्येक जॉब बदलताना बैठकीवरचा कीस ब्रशने झाडावा आणि बोट फिरवून बर्र शोधावी. उठलेली बर्र तेलाच्या दगडाने काढावी. मॅग्नेटिक चकवर वापरलेला व्हाइस डिमॅग्नेटाइज केला नाही, तर तो कीस खेचत राहतो. कोकणात, मुंबईत आणि पावसाळ्यात तर सगळीकडेच वापरून झाल्यावर गंजरोधक तेलाचा पातळ थर द्यावा. गंजाचा एक डागसुद्धा स्क्रेप केलेल्या बैठकीवर मोजता येईल इतका उंचवटा करतो.

मग काय बनवावे

या सगळ्याचा निष्कर्ष माझ्यापुरता स्पष्ट आहे. मोठा मिलिंग व्हाइस विकत घ्यावा. ती ताठ, जड बॉडी घरी ओतून, गाइड सरळ करून जे मिळेल, त्याहून चांगले बाजारात मध्यम किमतीत मिळते. पण विकत घेतल्यावर तो आहे तसाच वापरू नये. वर सांगितलेल्या पद्धतीने मोजावा, जॉ किती उठतो ते पाहावे, बैठक आणि जॉ प्लेट खऱ्या कराव्यात. स्वस्तातल्या अनेक व्हाइसची खोट इथेच असते आणि ती काढता येते.

बनवायचा तो दोन भागांचा व्हाइस आधी, कारण त्यात स्थिर जॉचा काटकोन आणि जॉची खालची ओढ हे दोनच धडे आहेत आणि तो लगेच उपयोगी पडतो. त्यानंतर ५० ते ७५ मिमी रुंदीचा टूलमेकर व्हाइस. बिडाचा किंवा मऊ पोलादाचा, कठीण जॉ प्लेटचा, सगळ्या बाजू काटकोनात. बॉडी कठीण करायची हौस ग्राइंडर हाताशी आल्यावर भागवावी.

मऊ बॉडीचा व्हाइस झिजतो, हा आक्षेप खरा आहे. पण घरच्या वर्कशॉपमधली झीज कारखान्याच्या तुलनेत फार हळू होते. आणि ज्याने बैठक, बाजू आणि तोंड या क्रमाने एकदा खरे केले आहेत, त्याच्याकडे ग्रॅनाइट आहे, ब्ल्यू आहे, स्क्रेपर आहे आणि ठोकळा फिरवून काटकोन तपासायची रीत आहे. वर्षा-दोन वर्षांनी एका सुट्टीच्या दिवशी तो तोच व्हाइस पुन्हा पहिल्यासारखा खरा करू शकतो. विकतच्या कठीण व्हाइसला ठोकर बसली, तर तो ग्राइंडरवाल्याकडे न्यावाच लागतो. घरी अचूक व्हाइस बनवण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मला हाच वाटतो.